पवना जहाजाचा फिटर

आमच्या घरात गुरुवार हाच रविवार होता. पप्पांच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे मटण आणायचं ते गुरुवारी, गोधड्या धुवायच्या त्या गुरुवारी आणि पाहुण्यांकडे जायचं तेही गुरुवारीच. निगडीच्या ओटा स्कीम या वस्तीत आमची खाली एक खोली आणि वर पत्र्याचा माळा होता. गल्लीतल्या निम्म्या घरांत गुरुवारचा उपास असायचा. अकराच्या सुमाराला शेजारून अगरबत्तीचा वास यायचा आणि आमच्या दारातून सुक्या बोंबलाचा. आई हळूच दार लोटायची, पप्पा उठून ते परत सताड उघडायचे. "आपली सुट्टी हाय, आपण कशापायी कोंडून घ्यायचं," असं ते म्हणायचे, आणि म्हणायचे ते इतक्या मोठ्यानं की शेजारच्या उपासवाल्या काकूंनाही ऐकू जायचं.

त्यांना हळू बोलता यायचं नाही. चाकणच्या अलीकडे, निघोज्याच्या अंगाला, गाड्यांचे दरवाजे आणि बोनेट पत्र्यातून दाबून काढणारी एक कंपनी होती. तिथे ते मेंटेनन्सला फिटर होते. त्या प्रेसच्या दणक्यात पंचवीस वर्षं काढून त्यांचे कान निम्मे गेले होते. मूळचे खेड तालुक्यातले, आयटीआय करून इकडे आले, पण गावची बोली त्यांनी सोडली नाही. न्हाई, व्हय, आमी, तुमी. पहाटे कंपनीची बस चौकात यायची, तिचा हॉर्न मला झोपेतही ओळखू यायचा. संध्याकाळी ते परत यायचे तेव्हा नखांत काळं ग्रीस आणि खिशात घडी घातलेली जॉब कार्डं असायची. ही कामाच्या नोंदीची कार्डं जुनी, टाकून दिलेली. त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर आई किराणा लिहायची आणि मी लहान असताना चित्रं काढायची.

मी तेव्हा ताथवड्याला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गुरुवार प्रोजेक्टचा दिवस, कॉलेजला जायची गरज नसे. आमच्या वर्गातला मोहसीन परभणीचा, हॉस्टेलवर राहायचा. अनुश्रीचा प्राधिकरणात बंगला होता. आम्हा तिघांना एक वेड लागलं होतं, ते आज लोकांना सांगताना मला जरा लांबून सुरुवात करावी लागते. जगात कुठे कुठे एकेकटी माणसं घरी बसून गोष्टींचे खेळ लिहितात आणि थोडक्या पैशांत किंवा फुकट इंटरनेटवर ठेवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस-तीस पानांची नियमांची वही, फासे आणि बोलणं. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं, आणि अडचणीच्या जागी फासा टाकून काय झालं ते ठरवायचं. आम्हाला अंतराळातले खेळ आवडायचे. एका खेळात पत्त्यांच्या कॅटमधून ओसाड ग्रहाचा नकाशा निघायचा. एकात दूरच्या ठाण्यावरच्या माणसांना घरची पत्रं चाळीस वर्षं उशिरा मिळायची. तो खेळताना अनुश्री रडली होती. आम्ही गुरुवारी दुपारी दोन वाजता आपापल्या घरून कॉल लावायचो आणि पाचपर्यंत खेळायचो. मी लॅपटॉप घेऊन माळ्याच्या शिडीखाली बसायची, कारण तिथे शेजारचं वायफाय चांगलं यायचं.

शेवटी आमचा जीव एका खेळावर बसला. जुनाट मालवाहू जहाज, ते एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे माल नेतं, आणि दर प्रवासात त्यात काहीतरी बिघडतं. लढाया नाहीत, राक्षस नाहीत. जहाज चालू ठेवायचं, एवढाच खेळ. आम्ही जहाजाला पवना नाव दिलं. मोहसीन कप्तान, अनुश्री मार्ग काढणारी, आणि जग सांगायचं काम माझ्याकडे. नियम इंग्रजीत होते, ते मी मराठीत उतरवले होते, आणि मला मनातून वाटायचं की आपण पुढे हेच करावं, असे खेळ लिहावेत. हे मी घरात कुणाला बोलले नव्हते.

एका गुरुवारी माझ्या हेडफोनची वायर तुटली आणि कॉल स्पीकरवर ठेवावा लागला. पप्पा कॉटवर आडवे झाले होते. जेवण जड झालं होतं, डोळे मिटलेले होते. पवनाच्या खालच्या मजल्यावर तेलाची एक नळी गळत होती. मोहसीन म्हणाला, "मी खाली जाऊन पान्यानं नट आवळतो, नाही आवळला तर खोलून नवी नळी बसवतो." मी फासा उचलला, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला.

"आदी प्रेशर सोडा."

मोहसीन थांबला. "कोण बोललं?"

"माझे पप्पा," मी म्हणाले. मला ओशाळल्यासारखं झालं.

पप्पा उठून बसले होते. लॅपटॉपकडे बघून, जणू मोहसीन त्यातच बसला आहे अशा बेतानं ते म्हणाले, "लाइनीत प्रेशर असताना नट सोडला तर तेल गोळीवानी येतं बाहीर. हात जाईल तुमचा. आमच्या हितं एकाचा आंगठा गेलाय. आदी पंप बंद, मग व्हॉल्व्ह उघडून गेज शून्यावर आणा, मग हात लावा."

"हाव काका," मोहसीन म्हणाला. "अन् पंप बंद केला तर जहाज थांबंल की."

"दुसरा पंप न्हाई का?"

नियमांत दुसऱ्या पंपाचा उल्लेख नव्हता. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं, असं की एवढी शिकलेली पोरगी आणि एका पंपावर जहाज सोडलं. मग ते विचारू लागले. तिथे हवा आहे का? बाहेर नाही, आत आहे. मग बाहेरच्या नळीतलं तेल गोठेल की नाही? पाणी कुठून येतं? वापरलेलं कुठं जातं? रात्रपाळीला कोण असतं? त्या दिवशी आम्ही पाचला थांबायच्या ऐवजी सातला थांबलो. शेवटी मोहसीन म्हणाला, "काका, आपल्याकडं फिटरची जागा रिकामी आहे. येता का?"

पप्पा हसले. त्यांना कामावर ठेवताना आजवर कुणी असं विचारलं नसावं.

दर खेळाडूनं एका कागदावर आपल्या माणसाचं नाव, त्याची कला आणि त्याची भीती लिहायची असे. मोहसीननं अंधार लिहिला होता, अनुश्रीनं एकटं मागे राहणं. पप्पांनी नावाच्या जागी नुसतं फिटर लिहिलं. कलेच्या जागी लिहिलं, ऐकून ओळखणे. मी म्हणाले, "पप्पा, तुम्हाला तर ऐकू कमी येतं." ते म्हणाले, "माणसाचं कमी येतं. मशिनीचं येतं." भीतीच्या जागी त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग ती रिकामी सोडली.

त्यानंतरचे सात-आठ महिने माझ्या तरुणपणातले सगळ्यात चांगले होते, हे मला आज कळतं. तेव्हा ते नुसते गुरुवार होते. पप्पा दीड वाजताच जेवून, तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून शिडीखाली माझ्याशेजारी बसायचे. कॅमेरा बंद असायचा, तरी शर्ट घालायचेच. आई चहा आणून ठेवायची आणि दाराशी लसूण सोलत ऐकत बसायची. खिशातल्या जॉब कार्डांच्या पाठीवर पप्पा पवनाच्या नळ्यांची चित्रं काढून आणायचे. पेन्सिलीची स्वच्छ रेघ, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर. ती कंपनीच्या बसमध्ये काढलेली असायची. चित्राचा फोटो काढून ते मोहसीनला पाठवायचे, कारण कप्तानाला माहिती पाहिजे. कंपनीत त्यांच्यावर तेव्हा एक नवा साहेब आला होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो हातात टॅब घेऊन बिघाड शोधायचा आणि पप्पांना म्हणायचा, तुम्ही फक्त पाना द्या. हे मला आईकडून कळलं. पवनावर मात्र कप्तान दर वेळी विचारायचा, "फिटर काका, काय करावं?" आणि पप्पा दर वेळी लगेच उत्तर द्यायचे नाहीत. "थांबा, ऐकू द्या," म्हणायचे, आणि डोळे मिटायचे. मग मला त्या जहाजाचा आवाज तोंडानं करून दाखवावा लागायचा. घर्रर्र की खडखड, सतत की मधूनमधून, तापल्यावर की सुरू करताना. मी काहीतरी आवाज काढायची आणि ते त्यावरून अचूक सांगायचे की काय गेलं आहे. मी ठरवलेलं नसायचं, पण त्यांनी सांगितलं की तेच गेलेलं असायचं.

अनुश्रीनं हे सगळं लिहून ठेवलं होतं. पप्पांचे प्रश्न, नळ्यांची चित्रं, दुसरा पंप. तिनं ते इंग्रजीत करून त्या खेळाच्या लेखकाला पाठवलं. तो परदेशात कुठल्याशा थंड गावी राहणारा, दिवसा पोस्टात काम करणारा माणूस होता. त्याचं उत्तर आलं की त्यानं खेळ लिहिताना पाण्याचा विचारच केला नव्हता, आणि तुमच्या फिटरला माझा नमस्कार सांगा. मी तो सांगितला. पप्पांनी विचारलं, "कुठल्या ट्रेडचा हाय तो?" पोस्टातला आहे म्हटल्यावर म्हणाले, "तरी बरं लिहिलंय."

पुढे त्या लेखकाच्या ओळखीनं इंटरनेटवरच्या एका चॅनलचं बोलावणं आलं. असे खेळ खेळून दाखवणारा तो चॅनल होता, हजारो लोक बघायचे. त्यांना पवनाचा एक प्रवास थेट दाखवायचा होता, इंग्रजीत, कॅमेरा सुरू ठेवून. त्यांचा निवेदक आणि स्वतः लेखक दोघं आमच्याबरोबर खेळणार होते. वेळ गुरुवारी दुपारी चारची ठरली.

पुढचं लिहायला मी चार दिवस लावले आहेत. आज माझं वय पप्पांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे. मी अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं की मी तेव्हा बावीस वर्षांची होते. ते खरं आहे. पण बावीस हे काही फार लहान वय नाही.

मला पप्पा तिथं नको होते. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांचं मोठ्यानं बोलणं, न्हाई आणि व्हय, मागची कॉट आणि पत्रा, हे सगळं मला कॅमेऱ्यात दिसू लागलं. अनुश्री म्हणाली होती, "काकांना तर आणायलाच पाहिजे, त्यांच्यामुळे तर बोलावलंय." मोहसीन म्हणाला होता, "मी करतो ना त्यांचं इंग्रजी." दोघांपैकी कुणालाही अडचण नव्हती. मी त्यांना सांगितलं, पप्पांना त्या गुरुवारी ओव्हरटाइम आहे, सुट्टी नाही. आणि पप्पांना सांगितलं, "या गुरुवारी खेळ नाही. मी अनुश्रीकडे प्रोजेक्टला जातेय."

"बरं," ते म्हणाले. "मग मी मिक्सर उघडतो. आवाज करतोय."

अनुश्रीच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर तिची अभ्यासाची खोली होती, मागे पुस्तकं, बाजूला मोगऱ्याची कुंडी. मी तिचा कुर्ता घातला होता. माझं इंग्रजी त्या दिवशी छान झालं. निवेदक हसतमुख होता, लेखक लाजाळू होता. सुरुवातीलाच त्यानं विचारलं, तुमचा तो फिटर कुठे आहे, मला त्याला भेटायचं होतं. अनुश्री म्हणणार होती की त्यांना काम आहे, मी तिच्या आधी बोलले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला वाटतं, पुन्हा कधी कुणी त्यांच्याबद्दल विचारू नये, एवढंच मला हवं होतं. मी हसून म्हणाले की तो काही आमचा नेहमीचा खेळाडू नाही, घरातलं कुणीतरी अधूनमधून बोलायचं, आणि आता गोष्टीत तो मेलाय. निवेदकानं विचारलं, कसा? मी म्हणाले, प्रेशर असताना नट उघडला. निवेदक आणि लेखक हसले. मोहसीन हॉस्टेलवरून कॅमेऱ्यात दिसत होता. तो हसला नाही. अनुश्री माझ्याकडे बघत राहिली. मग खेळ सुरू झाला आणि चांगला झाला.

मोहसीननं भल्या मनानं एक गोष्ट केली होती, ती मला माहीत नव्हती. त्यानं सकाळीच पप्पांना लिंक पाठवली होती. खाली लिहिलं होतं, काका, ओव्हरटाइम आहे म्हणे तुमचा, पण चहाच्या सुट्टीत बघा, आपलं जहाज आज जगाला दिसायलंय.

मी सातला घरी आले. आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "जेवून आलीस का?" मी नाही म्हणाले. थोडा वेळ ती थापत राहिली. मग म्हणाली, "आम्ही बघितलं."

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मिक्सर तसाच टाकून बसले होते. मला हाक मारली, ये, पोरगी दिसतेय. तू बोलायला लागलीस तर मला म्हणाले, बघ कशी फाडफाड बोलतीये, कुणाची पोर वाटत न्हाई. खूश होते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मग मला विचारलं, आता डेड म्हणाली का ती? मी म्हटलं, मला काय कळतंय. तर मागं घेऊन परत ऐकलं. तीनदा ऐकलं."

पप्पा बाहेर होते. नळाला पाणी आलं होतं आणि ते पाइप धरून ड्रम भरत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. ड्रम भरला, त्यांनी पाइप बादलीत टाकला.

"सुजे, एक इचारू?"

"काय पप्पा?"

"मी प्रेशरमधी नट सोडीन का?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते देऊन त्यांच्या पायाशी बसायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "पप्पा, तो नुसता खेळ आहे."

"खेळातलंच इचारतोय," ते म्हणाले.

मी आत निघून आले. खोटं बोलल्याबद्दल त्यांनी मला तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही. घरातलं कुणीतरी, हे शब्द त्यांना कळले होते की नाही, ते मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या गुरुवारी मी दोन वाजता शिडीखाली बसले आणि म्हणाले, "पप्पा, या." ते शर्टाची बटणं लावत होते. "न्हाई, तुमी खेळा," म्हणाले, आणि दुर्गाटेकडीकडे फिरायला गेले. सहानंतर आले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. मोहसीननं मला विचारलं, "तू असं कामून केलीस?" मी त्याला म्हणाले की तुला लिंक पाठवायला कुणी सांगितलं होतं. आमचं त्यावरून वाजलं, आणि तो येईनासा झाला. अनुश्री आणि मी दोघींनी महिनाभर पवना रेटली. जहाजात काही बिघडलं की मी एक फासा टाकायची आणि म्हणायची, झालं दुरुस्त. त्यात काही राम नव्हता. मग अनुश्री शिकायला परदेशी गेली, मी नोकरीसाठी बंगळूरला गेले, आणि तो खेळ तिथंच राहिला. मी पुढे खेळ लिहिले नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम मी तीस वर्षं केलं.

बंगळूरहून रोज रात्री जेवायच्या वेळी घरी फोन व्हायचा. पप्पा फोनवर ओरडायचे, जेवली का, पाणी येतं का, घरमालक बरा हाय का. ते माझ्याशी कधी तुटकपणे वागले नाहीत. लग्नाच्या वेळी त्यांनी माझ्या नवऱ्याला मिठी मारली आणि त्याला विचारलं, ट्रेड कुठला? बाहेरून बघणाऱ्याला आमच्यात काही झालं आहे असं वाटलंच नसतं. फक्त गुरुवारी दुपारी मी कधी फोन केला तर आई उचलायची. म्हणायची, ते जरा कामात आहेत. निवृत्त माणसाला गुरुवारी दुपारी कसलं काम, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एका वर्षी बुद्ध पौर्णिमेला मी घरी गेले होते. पप्पांचे कान तोवर पुरते गेले होते, मशीन लावलं तरी त्यांना नुसती गुणगुण ऐकू यायची. काही सांगायचं तर कागदावर लिहून दाखवावं लागायचं. सकाळी विहारात जाऊन आलो, आईनं खीर केली. दुपारी ते कॉटवर पेपर वाचत बसले असताना मी हिय्या केला. कागदावर लिहिलं, पप्पा, तेव्हा माझं चुकलं. फिटर मेला नव्हता. मी खोटं बोलले. आपण त्याला परत आणू या, मी जग सांगते. अक्षर शाळकरी पोरीसारखं आलं होतं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग हसले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून जड होता.

"मेलेल्या माणसाचं नाव हजेरीवर परत चढत न्हाई, सुजे," ते म्हणाले. "जाऊ दे. खीर खाल्ली का?"

मी खीर खाल्ली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, हे माफ करणं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, हे माफ न करणं आहे. बंगळूरपर्यंत बसमध्ये मी तेच उलटसुलट करत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी पप्पा गेले. सकाळी दाढी करताना खाली बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. कंपनीतले लोक आले होते, तो टॅबवाला साहेबही आला होता, आता त्याचे केस पांढरे झाले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी बोलले, जेवणं झाली. मी ताटं उचलत होते तेव्हा दारात एक जाडसा, दाढीवाला माणूस चपला काढताना दिसला. परभणीहून रात्रभर बसनं आला होता. मी त्याला डोळ्यांवरून ओळखलं. मोहसीन मला इतक्या वर्षांत एकदाही भेटला नव्हता.

त्यानं फोटोला हात जोडले, आईच्या पाया पडला. आईनं त्याला नावानं हाक मारली, जेवायला बस म्हणाली, आणि मला नवल वाटलं की तिच्या हे नाव इतकं लक्षात कसं. जेवून आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो.

"तुला कुणी कळवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. गुरुवारी काकाचा मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन लावलो, काकूंनी उचलला."

"कसला मेसेज?"

तो म्हणाला, "म्हणजे शेवटपर्यंत नाही सांगितलं का त्यांनी तुला?"

आमचं भांडण झालं त्याच पावसाळ्यात पप्पांनी त्याला फोन केला होता. विचारलं होतं, तुमच्याकडं दुसरं एखादं जहाज हाय का, फिटर लागतो असं. मोहसीननं त्या रात्रीच एक जहाज तयार केलं. सुरुवातीची वर्षं ते फोनवर बोलून खेळले, टेकडीवरच्या बाकावरून. कान गेल्यावर मोहसीन लिहून पाठवायचा, आज डाव्या बाजूचा पंप असा असा आवाज करायलाय, आणि पप्पा बोललेलं रेकॉर्ड करून पाठवायचे. परभणीला गेल्यावर, लग्न झाल्यावर, मुलं झाल्यावर, दर गुरुवारी दुपारी. वीस वर्षं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले होते."

"रागावले होते माझ्यावर?"

मोहसीननं विचार केला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "पहिल्या वर्षी होते. खूप होते. मग नव्हते. मी दोन-तीनदा म्हणलो, सुजाताला घेऊ की आपल्यात. तर म्हणायचे, आता कळलं तर तिला लै लागंल, इतकी वर्षं आपल्याला सोडून खेळले म्हणून. ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, बुद्ध पौर्णिमेला मी लिहिलेल्या कागदाबद्दल ते काही बोलले होते का. हो, तो म्हणाला. त्या कागदाचा फोटो त्यांनी त्याला पाठवला होता. त्याखाली काही लिहिलं नव्हतं.

मग त्यानं खिशातून फोन काढला, शोधलं, आणि माझ्या हातात दिला. पप्पा जायच्या चार दिवस आधीचं ते बोलणं होतं, शेवटच्या गुरुवारचं. मी ते कानाला लावलं.

"मोहसीनभाऊ, इंजिन बंद ठीवलंय बरं का. मागलं बेअरिंग गेलंय, मला आवाज येतोय त्याचा. तसंच चालवू नका, शाफ्ट खाईल. माणसांना सांगा, जरा गारठा सोसा, आठवडाभर. पुढच्या गुरुवारी उघडतो."

मी ते एकदाच ऐकलं आणि फोन परत दिला. आत आई पाहुण्यांना चहा देत होती. कपबशांचा आवाज येत होता. मोहसीन फोन हातात फिरवत बसला होता.

"तू अन् मी उघडायचं का?" त्यानं विचारलं.

"मला बेअरिंगमधलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"मलापण नाही कळत," तो म्हणाला.

त्याची संध्याकाळची बस होती. मी त्याला चौकापर्यंत सोडायला गेले, रिक्षा मिळेपर्यंत उभे राहिलो, त्याच्या मुलांची नावं विचारली. पुढे आमचे अधूनमधून फोन होत राहिले, अजून होतात. त्या जहाजाचा विषय आम्ही काढत नाही. ते सुरू केलेलं नाही.